मशीनमधला मंगळ

मला मंगळ आहे. दुसऱ्या मुली फर्स्ट क्लास मिळाल्याचं ज्या तोऱ्यात सांगतात, त्याच तोऱ्यात तेविसाव्या वर्षी मी ही गोष्ट सांगत असे. घरी स्थळ आलं की मीच पत्रिकेचा विषय काढायची. पाहुणे तर्री-पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठायचे आणि उरलेले पोहे मी संपवायची. आई कपाळाला हात लावायची. मला मात्र वाटायचं, मुलीच्या जातीला इतकी भक्कम ढाल कोण देतं?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बी.एस्सी. झाल्यावर मी सीताबर्डीवरच्या एका क्लासात सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सबंध नागपुरात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही, अशी तेव्हा माझी खात्री होती. ती खात्री अजूनही फारशी उतरलेली नाही. तेव्हा तिला आधार नव्हता, एवढाच काय तो फरक.

माझी मावशी नंदनवनात राहायची आणि घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवायची. सगळ्या समाजांची माणसं तिच्याकडे यायची. कारण तिचं तोंड गोड होतं, चहा गोड होता आणि फी उशिरा दिली तरी ती चेहरा बदलत नसे. मावसाजींच्या ऑडिटच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना त्यांनी घरी आणून टाकला. मावशीनं त्याला हळद-कुंकू लावलं, प्लॅस्टिकचं कव्हर शिवून घातलं आणि मला बोलावणं पाठवलं. आईनं मला पाठवताना अट घातली. हे मशीन चालवून दाखव, त्यावर पोटापाण्याचं जमतं का बघू. नाही जमलं तर मावशीकडच्या फायलीतलं पहिलं स्थळ, मंगळ असो की शनी असो.

मी कामाला लागले. सगळी माहिती पेट्यांत भरून ठेवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं, पण माणसानं समोर बसून भरावा असा फॉर्म स्वतः बनवावा लागे. तयार काही नसायचं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चौकटीच्या कागदावर मी तो पडदा आखून घेतला आणि मशीनला एकेक हुकूम लिहीत गेले: अमक्या ओळीत अमक्या घरापासून ‘मुलीचं नाव’ असे शब्द दाखव, त्यापुढे इतक्या अक्षरांची जागा सोड, इथे फक्त आकडे घे, इथे फक्त हो किंवा नाही. मशीनला मराठी लिपी येत नव्हती. त्यामुळे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि हो-नाहीसाठी एच किंवा एन दाबायचं.

शहाण्या माणसानं इथे थांबावं. मी भोवती दुहेरी रेघेची चौकट काढली. मग चौकटीत चौकट काढली. वर ‘स्वागतम्’ हा शब्द उघडझाप करत ठेवला आणि खाली ताऱ्यांचं तोरण लावलं. माहिती भरायचा फॉर्म कमी आणि लग्नाचा मांडव जास्त, असं ते प्रकरण झालं. कोणी काही चुकीचं भरलं की मशीन टूँऽ करून ओरडेल अशीही तजवीज केली. एकही रकाना रिकामा राहू द्यायचा नाही, हा माझा कडक नियम. अर्धवट माहिती मला मुळीच आवडत नसे. माझी स्वतःची माहिती किती अर्धवट होती ते पुढे येईलच.

काम चालायचं ते असं. मावशी कागदी फॉर्म मोठ्यानं वाचायची आणि मी टाइप करायची. भर मे महिना, आणि घरातली वायरिंग अशी की कूलर आणि कॉम्प्युटर एकदम लावले तर फ्यूज उडायचा. म्हणून कूलर बंद. दोघी घामाघूम. त्यात मशीनचं टूँ-टूँ. मुलीची रास माहीत नाही, टूँऽ. मंगळाचं कोणी लिहिलेलं नाही, टूँऽ. दोन दिवस मावशीनं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हे तुझं मशीन माझ्या सासूसारखं करून राहिलं वं. चूक सांगते, पण काय करू ते नाही सांगत.”

मला ते लागलं. मी क्लासातल्या वहीची पानं उलटली आणि एक हुकूम शोधून काढला. तो दिला की नवीन नोंद उघडताना आधीच्या नोंदीतली सगळी माहिती तशीच्या तशी समोर येई. त्यात जे वेगळं असेल तेवढं बदलायचं, बाकी एंटर मारत पुढे. जिल्हा तोच, तालुका तोच, पुन्हा पुन्हा टाइप करायची कटकट नाही. बदल नीट झाला का ते पाहायला मी माझीच माहिती भरली: रास वृश्चिक, मंगळ एच, उंची पाच फूट, आवड भरतकाम. (मला सुईत दोरा ओवता येत नाही. आईनं लिहायला लावलं होतं.) लगेच पुढचा कागद घेतला. तो झाला, त्याच्या पुढचाही झाला, आणि मशीन एकदाही ओरडलं नाही. मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी इतकी खूश झाले की म्हणाले, आता हे कागद कशाला सांभाळायचे, मशीनमध्ये आहे ना सगळं! मावशीनं भरून झालेले कागद रद्दीवाल्याला घातले.

मशीन का ओरडलं नाही, हा प्रश्न त्या बी.एस्सी. बाईच्या डोक्यात आला नाही. ते काय ओरडेल? रिकाम्या जागा रिकाम्या राहिल्याच नव्हत्या. तिथे मी बसले होते.

चारेक आठवड्यांनी, दुपारी, एक मुलगी एकटीच सायकलवरून आली. माझ्याच वयाची. डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती आणि ड्यूटीवरून थेट आली होती. तिच्या घरच्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, हे मावशीला ठाऊक होतं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मी माणसांकडे नाही, रकान्यांकडे पाहत होते. तिनं पर्समधून आमच्या केंद्राची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. ठरत आलेल्या प्रत्येक स्थळाच्या घरी मावशी मशीनमधून छापलेली अशी चिठ्ठी मोठ्या हौसेनं टपालानं पाठवायची.

“हे तू लिहिलं काय?”

मी म्हटलं, मशीननं.

“माझी रास मलेच माहीत नाही. माझ्या बाबालेही नाही. मग तुले कशी समजली वं?”

चिठ्ठीवर होतं: रास वृश्चिक, मंगळ हो.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. माझीच रास, माझाच मंगळ. भरतकाम तेवढं वाचलं होतं, कारण आवडीच्या जागी तिनं वाचन लिहिलं होतं.

तिनं पाणी पिऊन सगळं सांगितलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. दोन्ही घरचं बघणं झालं होतं, पसंती झाली होती. एका रविवारी अंबाझरी तलावावर दोघं तिच्या भावजयीला बरोबर घेऊन फिरूनही आले होते आणि तिला तो आवडला होता. हे सांगताना ती दुपट्ट्याची गाठ सोडत होती, बांधत होती. त्यानंतर आमची चिठ्ठी मुलाच्या घरी पोचली. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. छप्पन साली, दीक्षेच्या वेळी, ते पंचविशीत होते. ती वाचून त्यांनी परत धाडली आणि निरोप पाठवला की ज्या घरी अजून पोरीची पत्रिका काढतात त्या घरी आमची सोयरीक नाही. तिच्या वडिलांनी फॉर्मवर त्या दोन्ही जागांवरून शाईनं आडवी रेघ मारली होती. आपल्यावर असा आळ आला म्हणून ते इतके दुखावले की म्हणाले, मी काही सफाई द्यायला जाणार नाही, ज्याला माझ्यावर भरवसा नाही त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही.

“दोघं म्हातारे अडून बसले,” ती म्हणाली. “एक तिथं, एक इथं. अन् मधात मी.”

रेघ मारलेला तो कागद दाखवला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण रद्दीत गेलेल्या त्या कागदात एव्हाना कोणत्या तरी ठेल्यावर शेंगदाणे बांधले गेले होते. माझ्या नोंदीनंतर लगेच घेतलेला कागद तिचाच होता. आडवी रेघ मावशीनं पाहिली होती. वाचताना ती म्हणाली होती, इथं काही नाही, पुढं चल, आणि मी पुढे गेले होते.

मावशीनं मला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, आता काय करशील? मी म्हटलं, करते. काय करणार ते मला माहीत नव्हतं. पण ‘करते’ म्हणायला मी कधीच वेळ लावला नाही, हा माझा एक गुण घरचे आजही दोष म्हणून सांगतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी सायकलनं निघाले. मुलाचं घर जरीपटक्याच्या अलीकडे. नंदनवनाहून तिथवर पायडल मारताना मी रस्ताभर भाषणाची तयारी करत होते: नोंद म्हणजे काय, रकाना म्हणजे काय, हुकूम म्हणजे काय. दारात मुलाचे वडील बनियन-पायजम्यावर माठ धूत बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि भाषण सुरू केलं. ते शांतपणे माठ धूत राहिले. भाषण संपल्यावर म्हणाले, “बाई, मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. माणूस खोटं बोलते. मशीन काहून खोटं बोलीन?”

मी म्हटलं, मशीनला खरं-खोटं काही कळत नाही, मी जे ठेवलं तेच ते दाखवतं. त्यांना ते सफाई देण्यासारखंच वाटलं असावं. त्यांनी माठ उपडा ठेवला, हात पुसले आणि जायची खूण केली. मी वळले. फाटकापर्यंत आले. आणि तिथे, देवाशप्पथ सांगते, अक्कल नव्हे, खोडी सुचली.

“काका, तुमचीही रास निघते आमच्या मशीनमध्ये. वृश्चिक. अन् मंगळ आहे तुम्हाले.”

ते उठून उभे राहिले. आतून त्यांची बायको बाहेर आली. काका म्हणाले, माझी रास? मी म्हटलं, खोटं वाटत असेल तर उद्या येऊन पाहून घ्या. आणि उत्तराची वाट न पाहता सायकलवर टांग मारली. पहिला चौक येईपर्यंत मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकलरिक्षा मावशीच्या दारात उभी राहिली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, सोबत काकू. कूलर बंद करून मी मशीन सुरू केलं. ‘स्वागतम्’ उघडझाप करू लागलं. काकांनी त्याकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदाच ते तोरण उतरवून ठेवावंसं वाटलं.

या वेळी भाषण नाही, फक्त करून दाखवलं. आधी माझी नोंद उघडून त्यांना नीट वाचू दिली. मग नवीन नोंद. त्यात त्यांचं नाव विचारून टाइप केलं, वय टाइप केलं आणि हात मागे घेतले. बाकीचं काही मला माहीत नाही, म्हणजे ते रिकामं, असं सांगून नुसतं एंटर, एंटर, एंटर मारत गेले. शेवटी ‘छापा’ असा हुकूम दिला. सुयांचा प्रिंटर करकर करत चिठ्ठी बाहेर ढकलू लागला. मी फाडून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून वाचली. रास वृश्चिक. मंगळ हो. शिक्षण बी.एस्सी. उंची पाच फूट. (काका सहज पावणेसहा फूट असतील.) आवड भरतकाम. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा.

मग काकांनी एकच शब्द उच्चारला. “भरतकाम?”

काकू आधी पदरात हसल्या. मग पदर सोडून हसल्या. म्हणाल्या, “तरीच म्हणलं, एवढी वर्षं माझ्यामागं काय लागलं आहे. मंगळ होता गा तुम्हाले. आज समजलं.”

काका हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. त्यांनी त्या पोरीबद्दल काही म्हणायच्या आतच मी वकिलासारखी म्हणून गेले, तिच्या वडलांनी त्या जागांवर रेघ मारली होती, जसं तुम्ही मारली असती. काका म्हणाले, त्या माणसाकडे मी स्वतः जातो, चूक माझीही आहे, विचारायच्या आधी निरोप धाडला. पण त्याआधी हे तुझं मशीन दुरुस्त कर.

मी तत्परतेनं त्या पोरीची नोंद उघडली आणि बोट एनवर नेलं. झालं दुरुस्त, मंगळ नाही.

“नाही,” काका म्हणाले. “नाही लिहू नको.”

मला कळेना. हो नाही, म्हणजे नाही. तिसरं काय असतं?

“नाही लिहिलं म्हणजे पत्रिका पाहिली अन् मंगळ नाही निघाला, असं होते. आम्ही पाहतच नाही. माझी माय पंचांगवाल्याले बसायले पाट देत होती. छप्पन सालापासून त्याले तिनं दारात उभं केलं नाही. तू आम्हाले तो सवालच इचारू नको.”

मी रिकामं सोडून पाहिलं. मशीन टूँऽ करून ओरडलं. माझाच कडक नियम. काकांनी मशीनकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघी जुळ्या बहिणी आहोत.

“होईल?” त्यांनी विचारलं.

“होईल,” मी म्हटलं. अर्थात कसं, ते मला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी आधी तोरण काढलं, आतली चौकट काढली, ‘स्वागतम्’ची उघडझाप थांबवली. माहिती पुढे ओढून आणणारा तो लाडका हुकूम पुसून टाकला. मग वहीच्या कोऱ्या पानावर एक वाक्य लिहिलं: आधी विचार, पत्रिका पाहता का? हो असेल तरच रास आणि मंगळ विचार. नसेल तर त्या जागांवर थांबूच नको, शिक्षणावर जा. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल, इतकी साधी गोष्ट. मला मात्र ती मशीनच्या भाषेत बसवायला दोन दिवस लागले. कधी कर्सर उडी मारून पार खालच्या रेघेवर जाई, कधी जागेवरच फिरत बसे, आणि एकदा तर त्यानं पत्रिका न पाहणाऱ्याला मंगळ दोनदा विचारला. मावशी जाता-येता डोकावून म्हणायची, तुझ्यापेक्षा फ्यूज बरा, तो लवकर उडतो तरी.

तिला एक शंकाही होती. सगळ्यांना पहिल्यांदा हाच प्रश्न? आपली माणसं काय म्हणतील? आपली माणसं काय म्हणाली ते तिनंच नंतर मला सांगितलं. बरीचशी ‘हो, पाहतो’ म्हणाली. काही मात्र थबकली. त्यांना आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं, थेट रासच विचारली होती. थबकलेल्यांतल्या एक-दोघांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही पाहिलं तर चालते काय?

काका शब्द पाळून मुलीच्या वडलांकडे गेले होते. आणि ती भरतकामाची चिठ्ठी घेऊन गेले होते, असं मला त्या मुलीनं एक्स्चेंजवरून फोन करून सांगितलं. दोघं म्हातारे आधी दहा मिनिटं हवापाण्याचं बोलले आणि मग चिठ्ठी निघाली. तिच्या वडलांनी ती वाचून विचारलं, मुलगा निर्व्यसनी भेटला काय? त्यानंतर अडलं नाही. पण वडलांनीही एक गोष्ट मागितली. पोरीचा फॉर्म पुन्हा भरा, माझ्यासमोर.

त्या दिवशी पुढच्या खोलीत दोन्ही वडील दोन खुर्च्यांवर, मागे ती मुलगी दाराला टेकून, आणि मावशी चहाचा ट्रे घेऊन. कूलर बंद. मी तिचं नाव टाइप केलं, गाव टाइप केलं, जन्मतारीख टाइप केली. मग पडद्यावर प्रश्न आला. मी तिच्याकडे वळून विचारलं, पत्रिका पाहता का?

“नाही,” ती म्हणाली. तिच्या वडलांनीही तेच म्हटलं, जरा मोठ्यानं.

मी एन दाबलं. हिरवा ठिपका क्षणभर लुकलुकला आणि मधल्या दोन ओळी ओलांडून शिक्षणावर जाऊन उभा राहिला. रास कोरी, मंगळ कोरा. मशीन ओरडलं नाही, आणि या वेळी ते का ओरडलं नाही हे मला नीट माहीत होतं.

मंडळी पांगल्यावर मी माझीही नोंद उघडली आणि त्याच प्रश्नावर एन दाबलं. का, ते विचारू नका. ढाल गेली. माझं पुढे काय झालं त्याचा पुरावा आत्ता माझ्या मांडीवर बसून माझा चष्मा ओढतो आहे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ठिपक्यानं उडी मारली तेव्हा काका खुर्ची ओढून पडद्याजवळ आले, इतके की काचेत त्यांचा चष्मा दिसू लागला. बोटानं त्यांनी त्या दोन कोऱ्या ओळी दाखवल्या, पण काचेला हात लावला नाही.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

मी नोंद पुसून पहिल्यापासून भरली. नाव, गाव, जन्मतारीख, एन. ठिपका पुन्हा ओलांडून गेला.

मुलीच्या वडलांनीही खुर्ची पुढे ओढली. “अजून एकदा,” ते म्हणाले. चहा निवत होता आणि मावशी आम्हाला घ्या म्हणायचं विसरून ट्रे धरून तशीच उभी होती.